प्रत्येकाची एक शेळी

सॅटिनच्या फितीचं टोक मेणबत्तीवर नुसतं धरायचं, जाळायचं नाही. सुटलेले दोरे आपोआप एकमेकांना चिकटतात.

देवरूखला जाणारी गाडी फलाट क्रमांक... आणि पुढचा आकडा नेहमी कुठल्या तरी हॉर्नमध्ये जातो.

शेळीच्या डोळ्यातली बाहुली आडवी असते.

प्रश्न तिसरा. देव आपल्या जवळ आहे असं तुम्हाला केव्हा वाटतं? चारपैकी एकच पर्याय निवडा.

मांडवीच्या काळ्या वाळूतून पाय उचलला की ती जागा आधी फिकी पडते, मग ओली होते.

मनगट. डावं. बायकांचं नेहमी डावंच का धरतात?

सोमवारी दुपारी सावित्रीबाई कापडाच्या मॅचिंग सेंटरच्या पायरीशी आल्या, कुणी सांगितलेलं नसताना चपला काढल्या, आणि काउंटरला हात लावून उभ्या राहिल्या. दर्शना तेव्हा एका बाईच्या ब्लाउजपिसाला अस्तर जुळवत होती. सावित्रीबाई म्हणाल्या की टीचर, एक विचारायचं हाय, रागवू नका. पोरगी कालपासून धड जेवत नाय. म्हणते, संडे स्कूलला सगळ्या पोरांना एकेक शेळी मिळाली आणि मलाच नाय मिळाली. एवढं सांगून त्या थांबल्या, गिऱ्हाईक बाईकडे बघितलं, आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "शेळ्या वाटल्यात काय वो चर्चात? पंचायत समितीची स्कीम आली काय? आमच्याकडं एक हाय, पण दुसरी मिळाली तर कुणाला नको."

गिऱ्हाईक बाई हसली. दर्शनाही हसली. हसू ओठांवर असतानाच तिला मनगटावरची निळी फीत दिसली, आणि हसू तिथेच राहिलं, तोंडात विरघळायचं विसरलेल्या गोळीसारखं. शनिवारी रात्रीपासून ती फीत सुटत नव्हती. गाठ पाण्याने आवळली होती. कात्र्या दुकानभर होत्या, तरी तिने ती कापली नव्हती आणि का कापली नव्हती हे स्वतःला विचारलंही नव्हतं.

शैली. शब्द शैली होता. पुण्याहून कार्यशाळा घ्यायला आलेल्या सुजय सरांनी दोन दिवसांत तो किती वेळा उच्चारला असेल. शिकण्याची शैली, मग आध्यात्मिक शैली. प्रत्येक मुलाची एक आध्यात्मिक शैली असते. आपण ती ओळखायची. सर पातळ अंगाचे, मऊ बोलणारे, चहा मागतानासुद्धा प्लीज म्हणणारे. त्यांच्या तोंडी तो शब्द काचेच्या पेल्यासारखा नीट उभा राहायचा. पण रत्नागिरीत घरीदारी कोण म्हणतं शैली? मुलांच्या कानांना तसा एकच शब्द माहीत. शनिवारी संध्याकाळी चर्चच्या मागे, चिऱ्याच्या गडग्यावर, त्या बुटक्या कुंपणभिंतीवर बसून मुलं भांडत होती ते दर्शनाने ऐकलं होतं. माझी शेळी लाल, तुझी निळी, माझी तुझ्या शेळीपेक्षा भारी. तिला वाटलं, खेळ चाललाय. मुलांना काहीही चालतं, असं वाटून ती चटया गुंडाळायला आत गेली होती.

आता काउंटरमागे उभं राहून तिला पुढचंही आठवलं, जे तेव्हा कानावरून नुसतं गेलं होतं. पाळकसाहेबांचा मुलगा ऋत्विक, सगळ्यांत मोठा, प्रत्येक वचन अध्याय-ओवीसकट पाठ असलेला, तो सांगत होता की येड्यांनो, शेळी मिळाली म्हणजे काय चांगलं झालं काय? शेळ्या डावीकडे जातात. मेंढरं उजवीकडे. डावीकडे आग हाय. हे त्याला दर्शनानेच शिकवलं होतं, नाताळाआधी, फ्लॅनेलच्या फळीवर कापसाची मेंढरं आणि काळ्या कागदाच्या शेळ्या चिकटवून. न्यायाचा दिवस. राजा येतो आणि वेगळं करतो. तेव्हाही वर्गात गडबड झालेली, कारण मेंढरू त्यांच्यातल्या एकानेही पाहिलेलं नव्हतं आणि शेळी प्रत्येकाच्या ओळखीची. सावित्रीबाईंच्या नातीने, ऋतिकाने, तर फळीवरून एक शेळी काढून सरळ उजवीकडे लावली होती. काही बोलली नव्हती. ऋतिका वर्गात बहुतेक बोलतच नाही.

"तिला सांगा, शेळी नव्हे, शैली," दर्शना म्हणाली.

"ती काय असते?"

दर्शनाने तोंड उघडलं. पद्धत, ती म्हणणार होती. रीत. ढब. पण पोरीचा प्रश्न त्याने सुटत नव्हता हे तिला बोलायच्या आधीच कळलं, म्हणून तिने नुसतं विचारलं की ती अजून काय म्हणते.

सावित्रीबाईंनी पदराने गळा पुसला. म्हणाल्या, "म्हणते, मी मेंढरू नाय आणि मला शेळी पण नाय. मग मी मधी काय? तिथं कोण असतं?"

त्या गेल्यावर दर्शनाने अस्तर चुकीचं कापलं. मोतिया मागितला होता, तिने सायीचा रंग दिला, आणि गिऱ्हाईक बाईने दारात जाऊन उन्हात धरून पाहिला आणि परत आली. उन्हात धरल्याशिवाय रंग कळत नाही, हे इथे येणारी प्रत्येक बाई जाणते. ट्यूबलाइटच्या उजेडात सगळे निळे एकच निळे असतात. कार्यशाळेच्या फितीसुद्धा याच दुकानातून गेल्या होत्या. दर्शनानेच त्या कापल्या, टोकं मेणबत्तीवर धरली, चार रंगांचे चार गठ्ठे केले. निळी म्हणजे शब्द. लाल म्हणजे भावना. पांढरी चिन्ह. हिरवी कृती. हॉलच्या चार कोपऱ्यांत चार चटया. मुलं एकेका कोपऱ्यात जाणार, तिथे काय करतात ते सर बघणार, आणि मग मनगटाला फीत. शिक्षकांनाही. सरांनी तिची उत्तरं वाचली आणि खुश होऊन म्हणाले, "टीचर, तुम्ही अगदी शुद्ध शब्द-शैलीच्या आहात, असं फार क्वचित सापडतं." आणि बांधली. स्वतः कापलेली फीत स्वतःच्या मनगटावर परत आली, आणि ती चक्क म्हणाली होती, थँक्यू.

शुद्ध. शब्द. पण तिसऱ्या प्रश्नाला तिने अ लिहिला तो केवळ बाकीचे तीन खोटे वाटले म्हणून. देव जवळ आहे असं केव्हा वाटतं? अ, वचन वाचताना. ब, गीत गाताना. क, मेणबत्ती, क्रूस किंवा समुद्र पाहताना (समुद्र! रत्नागिरीच्या माणसाला विचारायचा प्रश्न आहे हा? समुद्र पाहत नाही कुणी, तो असतो). ड, कुणाला मदत करताना. त्यात दोर नव्हता. घंटेचा काथ्याचा दोर, ज्याला धरून वडील लोंबायचे आणि ती वडिलांना धरून लोंबायची, आणि वर कुठे तरी लोखंड हलायचं ते आधी कानात नाही, दाढेत यायचं. तळहाताला दोर कापायचा. वडिलांच्या सदऱ्याला घाम आणि रॉकेल यांचा वास. तेव्हा. नेमकं तेव्हा. हे कुठल्या चटईवर बसवायचं? हिरव्या, म्हणतील, कृती. पण तिने काही केलेलं नव्हतं, ती नुसती लोंबत होती. लाल? तिला आनंद झालेला नव्हता, थोडी भीतीच वाटलेली. पांढरी? ती घंटा तिने कधी डोळ्यांनी पाहिलीच नाही. आणि शब्द तर त्या आवाजात एकही नव्हता.

वडील, गंगाराम, मूळचे नाटे गावचे, होडीवरचे. रत्नागिरीला येऊन चर्चचे शिपाई झाले, झाडलोट, दिवाबत्ती, घंटा. प्रार्थना सुरू झाली की सगळे डोळे मिटायचे आणि ते दाराशी डोळे टक्क उघडे ठेवून उभे. लोक थट्टा करायचे, गंगाराम आपल्या चपला राखतोय म्हणून. एकदा तेव्हाच्या पाळकांनी प्रेमाने समजावलं की देवासमोर डोळे मिटावेत, मन एकाग्र होतं. वडील हो हो म्हणाले. पुढच्या रविवारी पुन्हा उघडे. तिने विचारलं तर म्हणाले की होडीवर जो डोळे मिटतो तो सगळ्यांना बुडवतो, मला नाय जमत, त्याला माझं तोंड ठाऊक हाय. त्याला म्हणजे देवाला. एवढंच. वडिलांचं धर्माबद्दलचं याहून लांब वाक्य तिला आठवत नाही. त्यांना वाचता येत नव्हतं, गाताना ते सूर सोडून भलतीकडे जायचे, आणि कुणाला मदत करताना शिव्या द्यायचे. सुजय सरांनी त्यांना कुठे बसवलं असतं? निरीक्षणाखाली. आजीबरोबर, मोठ्या उपासनेत.

कारण ऋतिकाचं तसंच ठरलं होतं. चारही चटयांवर तिला नेलं. निळ्या चटईवर तिने पुस्तक उघडलं नाही. लाल चटईवर मुलं टाळ्या वाजवत गाऊ लागली तशी तिने कानांत बोटं घातली. पांढऱ्या चटईवर मेणबत्ती, क्रूस आणि एक शंख होता. तिने शंख उचलला, हुंगला आणि फ्रॉकच्या खिशात टाकला. हिरव्या चटईवर आजारी माणसांसाठी बिस्किटांच्या पुड्या बांधायच्या होत्या. तिने एक बिस्किट खाल्लं. मुलं हसली, सरही हसले, आणि मग त्यांनी दर्शनाला बाजूला घेऊन फार काळजीने सांगितलं की हिची शैली अजून स्पष्ट होत नाही, चुकीच्या गटात टाकलं तर मुलाचं नुकसान होतं, तेव्हा घाई नको. ईस्टरनंतर ते परत येतील तेव्हा बघू. तोवर तिने आजीजवळ बसावं. त्यांच्या आवाजात जरासुद्धा कठोरपणा नव्हता. हेच दर्शनाला आता, मोतिया अस्तर घडी करताना, असह्य झालं. ज्याच्याशी भांडता येत नाही असा मऊ आवाज. आणि मोठ्या उपासनेत ऋतिका बसणार नव्हती हे सगळ्यांना माहीत होतं. मागे एकदा बसवलं होतं तर प्रवचनाच्या मधेच उठून चिऱ्याच्या भिंतीला गाल लावून उभी राहिली होती, पुढच्या बाकावरच्यांनी वळून वळून पाहिलं होतं, आणि सावित्रीबाई त्यानंतर महिनाभर आल्या नव्हत्या. आज पायरी उतरताना त्या म्हणाल्याच होत्या: वर्गात घेतलंत तर आणीन, नायतर घरी बसून म्हणू काय ते देवाचं नाव. पोरीची आई मुंबईत हॉस्पिटलात आयाचं काम करते, तिला काय सांगायचं ते बघू.

म्हणजे ईस्टरनंतर निरीक्षण करायला कुणी उरणारच नव्हतं.

बुधवारी ती पाळकसाहेबांकडे गेली. पाळकसाहेब म्हणजे विनीत, एके काळी तिच्याच वर्गात नाक शिंकरत बसणारा, नाताळच्या नाटकात मेंढपाळ होऊन काठी विसरणारा. त्याने आतून खुर्ची आणली, स्वतः वेताच्या मोड्यावर बसला. अजून टीचरच म्हणतो. तिने शेळीची गोष्ट सांगितली तेव्हा तो मनापासून हसला, डोळे पुसले, म्हणाला की पुढच्या प्रवचनात घेतो हे. मग तिने ऋतिकाचं सांगितलं, आणि तो गंभीर झाला, आणि त्याच्या आवाजात तो पुण्याचा मऊपणा हळूहळू उतरताना तिला ऐकू आला. की टीचर, पद्धत सगळ्या चर्चच्या मंडळ्यांत सुरू होतेय. की आपण इतकी वर्षं सगळ्या मुलांना एकाच काठीने हाकलं, पाठांतर, पाठांतर, आणि त्यात किती मुलं गळाली. हे खरं होतं. ती मान हलवत राहिली. तिच्या वर्गातून गळालेल्या मुलांचे चेहरे तिला आठवत होते, विनोदचा, कमळाचा, सुवर्णवचन पाठ आलं नाही म्हणून बक्षिसाचं चित्र न मिळालेले. पद्धत वाईट नव्हती. केतनसारखा दांडगा मुलगा हिरव्या चटईवर पहिल्यांदाच अर्धा तास भांडण न करता बसला होता, तिने स्वतः पाहिलं होतं. मग तिला हे एवढं का खुपत होतं? एका काठीच्या जागी चार काठ्या. आणि चारही चुकवणाऱ्याला दार.

"निरीक्षणापुरतं आहे टीचर," विनीत म्हणाला. "तिला कुणी काढत नाहीये."

"ती येत्या रविवारी वर्गात बसेल."

"कुठल्या गटात?"

"मधे."

विनीतने चहाचा कप बशीत ठेवला. म्हणाला की मधे असा गट नाही. ती म्हणाली, ठाऊक आहे. स्वयंपाकघरात त्याची बायको बांगडे साफ करत होती त्याचा खरखर आवाज येत राहिला. शेवटी तो म्हणाला की शिकवणाऱ्यानेच पद्धत मोडली तर मग त्याला वर्ग दुसऱ्या कुणाकडे द्यावा लागेल, तिने त्याच्यावर ती वेळ आणू नये. हे म्हणताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. लहानपणीही खोटं बोलताना तो असाच चपलेच्या अंगठ्याकडे बघायचा. पण आता तो खोटं बोलत नव्हता, आणि तरी अंगठ्याकडेच बघत होता. दर्शनाला त्याची दया आली. तिने तीसुद्धा बाजूला सारली. दयेत फार रविवार गेले होते.

घरी जाताना ती मुद्दाम किनाऱ्याच्या रस्त्याने गेली आणि समुद्राकडे पाहिलं नाही. मनात वाक्यं जुळवत होती, रविवारी मुलांना काय सांगायचं. शैली म्हणजे शेळी नव्हे, बाळांनो. गैरसमज झाला. कुणीही डावीकडे जात नाही. हे सोपं होतं आणि बरोबर होतं आणि ते म्हटलं की सगळं पुन्हा आपापल्या कोपऱ्यात नीट बसलं असतं. पण मुलं चुकली कुठे होती? मुलांनी शब्द चुकीचा ऐकला आणि गोष्ट बरोबर ओळखली. कुणीतरी येतं, प्रेमाने बघतं आणि वेगळं करतं. हे त्यांना फीत बांधून घेताना कळलं होतं, आणि तिला, शुद्ध शब्द-शैलीच्या बाईला, थँक्यू म्हणताना कळलं नव्हतं. नाही. ती दुरुस्त करणार नाही. आयुष्यभर तिने मुलांचे उच्चार दुरुस्त केले, ण आणि न, ळ आणि ल, आता हा एक राहू दे. हा एक बरोबर आहे. आणि चालता चालता तिला जाणवलं की ती मनगट दुसऱ्या हाताच्या मुठीत धरून चालली आहे, कुणी तिला पकडून नेत असल्यासारखं, आणि पकडणारीही तीच.

रविवारी चार कोपऱ्यांत चार चटया पसरलेल्या होत्या. मुलं फिती बांधून आपापल्या रंगावर बसली होती, नको तितकी शहाणी. दारात विनीत मोबाइल घेऊन उभा, पुण्याला पाठवायला फोटो हवा होता. पलीकडे मोठ्या उपासनेचं पहिलं गीत सुरू झालं. दर्शना वर्गात न थांबता सरळ तिकडे गेली, बाकांच्या मधल्या वाटेने, लोक गात असताना, सहाव्या की सातव्या बाकापाशी थांबली आणि हात पुढे केला. सावित्रीबाईंनी पदर सावरला. त्या आल्या होत्या. एकदा शेवटचं बघावं म्हणून आल्या असतील. ऋतिकाने हाताकडे पाहिलं, फितीकडे पाहिलं आणि हात धरला नाही. उठली मात्र, आणि मागोमाग आली, बाकांच्या प्रत्येक टोकाला बोट लावत.

वर्गात मधे काही नव्हतं. लाल कोबा, मोठमोठ्या भेगांचा, गार. दर्शना त्यावर मांडी घालून बसली. गुडघा कडकन वाजला, कुणीतरी फिसकन हसलं. ऋतिका तिच्यापासून हातभर लांब बसली. निळ्या चटईवरून ऋत्विकने लगेच विचारलं की टीचर, तुम्ही तुमच्या गटात नाही बसणार काय? तिला आत एकदम मोकळं वाटलं, रविवारची उपासना सुटल्यावर हॉल असतो तसं. तिने मनगट तोंडाशी नेलं, गाठीत दात घातले. साबणाची चव लागली. गाठ दोनदा निसटली, मुलं मान उंच करून बघत होती, आणि तिसऱ्यांदा फीत सुटली, ओली, चुरगळलेली, टोकं मात्र अजून पक्की.

"आपापली शेळी बाहेर बांधून या," ती म्हणाली. "वर्गात शेळ्या आणायच्या नाहीत."

 आधी केतन उठला, कारण केतनला उठायला नुसतं निमित्त हवं असतं, आणि दाताने गाठ सोडवत दाराकडे पळाला, विनीतच्या हाताखालून. मग एकदम सगळी. खिडकीच्या गजांना, नळाच्या तोटीला, जास्वंदीला. एकाने विचारलं की टीचर, शेळीला पाला टाकू काय, ती म्हणाली टाक. ऋत्विक बसून राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, त्याची फीत बापाने सर्वांसमोर बांधली होती. दर्शना त्याला म्हणाली की तुला ठेवायची तर ठेव बाळा, इथे ये, आणि तो फितीसकट येऊन कोब्यावर बसला.

"टीचर," दारातून विनीत म्हणाला. मोबाइल त्याने खाली केला होता. "मी काय सांगितलं होतं तुम्हाला?"

"ऐकलं होतं मी."

"मग?"

"मग तू आत ये, नाहीतर दार लाव. ऊन येतंय त्यांच्या डोळ्यांवर."

त्याने दोन्हींपैकी काहीच केलं नाही. तो उंबऱ्यावरच उभा राहिला, आणि त्याची सावली कोब्यावर, मुलांच्या मधे, लांब पडलेली. दर्शनाने हात जोडले. हात जोडा, डोळे मिटा, हे वाक्य इतक्या वर्षांत जिभेला इतकं सरावलेलं की अर्धं बाहेर पडलंच. हात जोडा, ती म्हणाली आणि थांबली. काही मुलांनी सवयीने डोळे मिटले. काहींनी मिटून एक उघडला. तिने स्वतःचे उघडे ठेवले, आणि समोर सगळे चेहरे एकाच वेळी दिसले, नाकं, खपल्या, तेल, पावडर. प्रार्थनेत तिने त्यांना कधी पाहिलेलंच नव्हतं. ऋतिका तिच्याकडे बघत होती. हसत वगैरे नव्हती. नुसती बघत होती, कितीतरी वेळ, पापणी न हलवता, आणि दर्शनाही तिच्याकडे, आणि प्रार्थनेचं पहिलं वाक्य काही केल्या सुचत नव्हतं, आणि तिने ते शोधलंही नाही. पलीकडे गीताचं शेवटचं कडवं संपलं. विनीत अजून दारातच होता.

मे महिन्यात ऋतिकाची आई रत्नागिरीला येऊन तिला मुंबईजवळ टिटवाळ्याला घेऊन गेली. तिथे त्या मायलेकी ज्या चर्चला जातात, तिथे मुलांचा वेगळा वर्गच नाही.